निवांतपणा कुणाच्या गुडघ्यांवर?

गेल्या वर्षी जूनमध्ये टिळकवाडीतल्या आमच्या फ्लॅटमध्ये मी एक खेडं वसवायला घेतलं.

बेळगावचा पाऊस तुम्हाला माहीत आहेच. एकदा लागला की आठ-आठ दिवस ऊन दिसत नाही. मी बेंगळुरूच्या एका कंपनीचं काम घरून करते. सकाळी नऊला उघडलेला लॅपटॉप संध्याकाळी सातला मिटतो आणि तो मिटला की हातात फोन येतो. अशाच एका रात्री इन्स्टाग्रामवर ‘कॉटेजकोअर’चे व्हिडिओ बघत बसले होते. छोटंसं दगडी घर, खिडकीत फुलं, टेबलावर गरम पाव, मांडीवर विणकाम. घाई कुठेच नाही. २०२०च्या लॉकडाऊनमध्ये सगळं जग घरात अडकलं होतं, तेव्हा ही फॅशन जोरात पसरली. माझ्यापर्यंत ती जरा उशिराच पोहोचली.

ते घर बघताना मला आमचं घर आठवलं. खानापूर तालुक्यात, जांबोटीकडच्या एका गावात आज्जीचं घर होतं. मंगळुरी कौलं, शेणानं सारवलेली जमीन, लाकडी खांबांची पडवी, परसात विहीर. मे महिन्याच्या सुट्टीत आम्ही तिथं जायचो. चुलीवरची भाकरी, ताज्या लोण्याचा गोळा, रात्री अंगावर आज्जीनं शिवलेली वाकळ. मला वाटलं, हेच तर आपलं कॉटेज.

मग खरेदी सुरू झाली. लेसचे पडदे, वेताच्या टोपल्या, कंदिलाच्या आकाराचा विजेचा दिवा, पांढऱ्या मुलाम्याचे मग. महिन्याभरात अकरा हजार रुपये गेले. गॅलरीत तांबड्या मातीच्या कुंड्यांत अबोली, गवती चहा आणि कढीपत्ता लावला. घरासाठी नियमही केले. मिक्सरऐवजी पाटा-वरवंटा, बाजारचं तूप बंद, रोज हातावर थापलेली भाकरी. बाबा तर खूश होते. “अगदी आमच्या आईच्या हातची चव!” असं ते जेवताना म्हणायचे. धाकटा भाऊ फोटो काढून द्यायचा.

भाकरी थापायची ती आई. पाट्यावर चटणी वाटायची ती आई. विरजण लावणं, लोणी काढणं, ताकाची तेलकट भांडी घासणं, तेही आईच.

हे माझ्या लक्षात आलं नव्हतं, हे आज लिहितानाही लाज वाटते.

कुंद्याचा रविवार

ऑगस्टमधल्या एका रविवारी मी घरी कुंदा करायचा ठरवला. आता कुंदा म्हणजे आपलं बेळगाव. पण विकत आणणं वेगळं आणि करणं वेगळं. दूध आटवायचं, त्यात थोडं दही घालून ते फुटू द्यायचं, मग साखर घालून सगळं पाणी आटेपर्यंत आणि तपकिरी रंग येईपर्यंत सतत ढवळत राहायचं. जरा हात थांबला की तळाला लागलंच.

दोन लिटर दूध गॅसवर ठेवलं, पहिली दहा मिनिटं ढवळलं, व्हिडिओ काढला. तेवढ्यात मैत्रिणीचा फोन आला. “आई, जरा बघशील?” म्हणून मी बाहेर गेले. परत आले तेव्हा कुंदा झाला होता. वेलदोड्याचा वास घरभर पसरला होता. मग मी वाटीत कुंदा, शेजारी अबोलीचा गजरा असा फोटो टाकला आणि खाली लिहिलं, ‘आमचं निवांत आयुष्य’.

संध्याकाळी आई गुडघ्यांना तेल लावत बसली होती. कौतुकानं तिला फोटो दाखवला. तिनं चष्मा लावून तो नीट बघितला, वाचला आणि म्हणाली, “छान आलाय. पण तुमचं निवांत आयुष्य माझ्या गुडघ्यांवर चाललंय की गं.”

ती रागावली नव्हती, म्हणूनच ते जास्त लागलं.

फोटोत न येणारा धूर

त्या रात्री आई बऱ्याच वेळ बोलली. ज्या घराच्या आठवणीनं मी आणि बाबा हळवे होतो, त्या घरात ती सून म्हणून आली होती. आम्ही सुट्टीत जायचो, ती कामाला जायची.

पहाटे उठून विहिरीचं पाणी शेंदायचं, न्हाणीतला हंडा तापवायचा, ठरलेल्या दिवशी जमीन सारवायची. पावसाळ्यात ओली लाकडं पेटायची नाहीत. फुंकणीनं फुंकून फुंकून छाती भरून यायची. “तुझी आज्जी डोळे पुसत भाकऱ्या थापायची. तुला वाटायचं धुरानं. कधी धुरानं असायचं, कधी दुसऱ्या कशानं. विचारायला वेळ कुणाला होता? घरात गॅस आला त्या दिवशी तिनं शेगडीला हळदीकुंकू वाहिलं होतं.”

चुलीच्या धुराबद्दल मी नंतर वाचलं. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार स्वयंपाकाच्या इंधनामुळे घरात साठणाऱ्या धुरानं २०२० या एका वर्षात जगभरात सुमारे ३२ लाख मृत्यू झाले. आज्जीचा खोकला आम्हा नातवंडांना तिच्या आवाजाचाच एक भाग वाटायचा.

वाचता वाचता आणखी एक गोष्ट सापडली. फ्रान्सची राणी मारी आंत्वानेत हिनं १७८३ पासून व्हर्सायच्या राजवाड्याच्या आवारात स्वतःसाठी एक खेडं बांधून घेतलं. तळं, गवताच्या छपरांची घरं, दूधदुभत्याची जागा, सगळं होतं. दरबाराचा कंटाळा आला की राणी तिथं मोकळी व्हायची. गाई-कोंबड्या बघायला अर्थातच वेगळा शेतकरी नेमलेला होता. मला हसू आलं आणि लगेच गेलं. आमच्या फ्लॅटमध्ये राणी मी होते. शेतकरी कोण, ते सांगायला नको.

दुपारी दोन ते चार

दुसऱ्या दिवशी मी पाटा-वरवंटा परत माळ्यावर टाकायला निघाले. सगळंच सोडून द्यायचं ठरवलं होतं. आईनंच थांबवलं. मी तिला विचारलं, “त्या घरातलं तुला काहीच आवडायचं नाही?”

ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, “दुपारचे दोन ते चार. पुरुष माणसं झोपलेली असायची. आम्ही बायका पडवीत वाकळ शिवत बसायचो. हात चालू, तोंड चालू. कुणी हाक मारायचं नाही. तेवढाच वेळ आमचा होता बघ.”

मला हवं होतं ते हेच होतं. लेसच्या पडद्यांत मी ते शोधत होते. आज्जीच्या घरात निवांतपणा चोवीस तास कधीच नव्हता. होते ते दोन तास, आणि तेही सगळी कामं आटोपून मिळवलेले.

त्या दिवाळीनंतर आम्ही वाकळ शिवायला घेतली. आईच्या आणि आज्जीच्या जुन्या सुती साड्या काढल्या. त्यात शहापूरच्या मागावरच्या दोन होत्या, धुऊन धुऊन साईसारख्या मऊ झालेल्या. तुम्हालाही करायची असेल तर कृती अवघड नाही. साड्या धुऊन, कडक ऊन देऊन घ्या. तीन-चार थर जमिनीवर सुरकुती न ठेवता पसरा आणि मोठ्या टाक्यांनी कच्चे धरून ठेवा. मग जाड सुई आणि दुहेरी सुती दोरा घेऊन कडेपासून आत साधा धावदोरा घालत जा. ओळी बोटभर अंतरावर असू द्या, वाकड्या आल्या तरी चालतात. आपल्या कन्नड शेजारणी हिलाच कौदी म्हणतात. समोरच्या काकूंनी दोन दुपारी येऊन आम्हाला कोपरे दुमडायला शिकवले.

दर शनिवार-रविवारी दोन ते चार फोन वेताच्या टोपलीत जातात. अकरा हजारांतली तेवढी एक टोपली कामी आली. वाकळ पुरी व्हायला साडेचार महिने लागले. एका कोपऱ्यातले टाके भावाचे आहेत, ते लांबूनही ओळखू येतात.

काय ठेवलं, काय सोडलं

बाकीच्या गोष्टींची आम्ही चौघांनी बसून वाटणी केली. नियम एकच ठेवला, ज्याला जे हळूहळू करायची हौस आहे, ते त्यानं सुरुवातीपासून भांडी घासेपर्यंत स्वतः करायचं.

एवढ्या एका नियमानं बरंच काही आपोआप गळालं. पाटा-वरवंटा माळ्यावर गेला. पाट्यावरच्या चटणीची मला हौस होती, पण एक दिवस स्वतः वाटल्यावर ती फिटली. घरचं तूप राहिलं, कारण ते बाबांनी अंगावर घेतलं. पहिल्या वेळी त्यांनी लोणी करपवलं. आता बेरी कुठल्या रंगाची झाली की गॅस बंद करायचा, हे ते आईलाच सांगतात. भाकरी आठवड्यातून दोनदा असते आणि ती मी थापते. माझी भाकरी अजून गोल होत नाही आणि “आईच्या हातची चव” असं बाबा हल्ली म्हणत नाहीत. भाऊ शनिवारी गणपत गल्लीत जाऊन खेड्यातून आलेल्या बायकांकडून भाजी आणतो, निवडतोही. रविवारी येळ्ळूरच्या शिवारातला बासमती तांदूळ शिजला की त्याच्या वासानंच सणासारखं वाटतं. त्यासाठी कुणाला तासभर उभं राहावं लागत नाही.

तुम्हालाही असं काही सुरू करावंसं वाटत असेल, तर खरेदीच्या आधी एक वही घ्या. आठवडाभर घरातलं कुठलं काम कोण करतं, ते लिहा. आम्ही लिहिलं तेव्हा पहिल्या तीन दिवसांची पानं आईच्या नावानं भरली होती. बाबा ती वही बराच वेळ हातात धरून बसले होते.

यंदाच्या पावसाळ्यात वाकळ वापरायला काढली. मी ती माझ्या खोलीत नेणार होते, पण आई दुपारीच ती ओढून झोपली होती. दोन वाजले होते. बाबांनी हळूच दार लोटलं आणि चहाचं आधण कमी पाण्याचं ठेवलं. “ती उठेपर्यंत आपला आपण घेऊया,” म्हणाले.