जुना, स्लो कॉम्प्युटर नव्या मालवेअरपासून कसा वाचवायचा?

वर्धा जिल्ह्यातल्या सिंदी (रेल्वे) इथे ड्रायपोर्ट उभारण्याचं काम जेएनपीटी बंदराने हाती घेतलं. याच बंदरातल्या एका टर्मिनलला २०१७ च्या जून अखेरीस मालवेअरचा फटका बसला होता. 'नॉटपेट्या' नावाच्या या मालवेअरमुळे मर्स्क समूहाच्या टर्मिनलची कॉम्प्युटर यंत्रणा ठप्प झाली आणि कंटेनरची ये-जा रखडली.

एवढ्या मोठ्या कंपनीची ही गत, तर घरातल्या जुन्या कॉम्प्युटरचं काय? जड अँटीव्हायरस टाकलं की तो आणखी स्लो होतो, म्हणून अनेक जण काहीच करत नाहीत. पण नॉटपेट्यापासून मिळालेले धडे घरीही उपयोगी आहेत आणि त्यांना फारसा खर्च नाही.

अपडेट टाळू नका

नॉटपेट्या आणि त्याआधी मे २०१७ मध्ये आलेला 'वॉनाक्राय' यांनी विंडोजमधल्या एकाच त्रुटीचा फायदा घेतला. ती दुरुस्त करणारं अपडेट मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिलं होतं! विंडोज १० चा नियमित सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. त्यामुळे शक्य असेल तर विंडोज ११ वर जा. कॉम्प्युटर फारच जुना असेल तर लिनक्स मिंटसारखी मोफत सिस्टीम टाकता येते.

रोजच्या वापरासाठी साधं अकाउंट

नॉटपेट्या पासवर्ड चोरून अपडेट केलेल्या कॉम्प्युटरमध्येही शिरत होता. ॲडमिन अकाउंट हाती लागलं की मालवेअरला मोकळं रान मिळतं. म्हणून रोज 'स्टँडर्ड' अकाउंट वापरा, ॲडमिनचा पासवर्ड वेगळा ठेवा.

वेगळं अँटीव्हायरस हवंच का?

विंडोजमध्ये डिफेंडर आधीपासूनच असतं. घरगुती वापरासाठी बहुतेकांना ते पुरेसं आहे, फक्त ते बंद करू नका. 'आधी अँटीव्हायरस बंद करा' असं सांगणारं क्रॅक सॉफ्टवेअर तर लांबच ठेवा.

नवी युक्ती ओळखा

'तुम्ही रोबो नाही हे सिद्ध करा' म्हणत काही बनावट पानं विंडोज आणि आर ही बटणं एकत्र दाबून काहीतरी पेस्ट करायला सांगतात. तसं केलं तर मालवेअर तुम्ही स्वतःच्या हाताने चालवता. ते पान लगेच बंद करा.

बॅकअप, पण केबल काढून

मर्स्कच्या नेटवर्कचा एक महत्त्वाचा सर्व्हर घानामध्ये शाबूत सापडला. कारण काय, तर हल्ल्याच्या वेळी तिथली वीज गेली होती! म्हणून फोटो आणि कागदपत्रं बाहेरच्या हार्ड डिस्कवर कॉपी करा आणि काम झालं की ती काढून ठेवा. जोडलेली डिस्कही मालवेअर लॉक करू शकतो.

तरीही शंका आली तर?

इंटरनेट बंद करा आणि डिफेंडरचं ऑफलाइन स्कॅन चालवा. केंद्र सरकारच्या सायबर स्वच्छता केंद्राच्या वेबसाइटवरही मोफत टूल मिळतात. खात्यातून पैसे गेले असतील तर वेळ न घालवता १९३० वर फोन करा.