मिस्टर ब्राऊनच्या वर्गात आम्ही

दर उन्हाळ्यात आम्ही दोघं बेसमेंट आवरायला घेतो आणि दर उन्हाळ्यात ते तसंच राहतं. कारण दर वेळी काहीतरी सापडतं आणि मग आवरणं बाजूला पडून आठवणीच निघतात. ह्या वेळी बुटांच्या खोक्यात तीन व्हिडिओ कॅसेट सापडल्या. वर आमच्याच अक्षरात लिहिलेलं: 'माईंड युवर लँग्वेज'. एका मित्रानं त्या लंडनहून आणल्या होत्या. तिथली टेप 'पाल' पद्धतीची, इथला व्हीसीआर 'एनटीएससी'चा, म्हणून चांगले पैसे मोजून त्या बदलून घेतल्या होत्या. आता व्हीसीआर कुठला असायला? तो केव्हाच गराज सेलमध्ये गेला. पण लेकीनं फोनवर दोन मिनिटांत तीच मालिका शोधून दिली, आणि आम्ही दोघं धुळीच्या हातांनी पायरीवरच बसलो.

आमच्यातल्या बऱ्याच मंडळींसारखे आम्हीही इंग्लंडमार्गे अमेरिकेत आलो. १९७७ साली लीड्सला होतो. ह्यांची हॉस्पिटलातली नोकरी, एका खोलीचं बिऱ्हाड आणि भाड्यानं आणलेला टीव्ही. त्या वर्षी ३० डिसेंबरला, शुक्रवारी संध्याकाळी, लंडन वीकेंड टेलिव्हिजनची ही मालिका सुरू झाली. लेखक व्हिन्स पॉवेल. लंडनमधल्या एका संध्याकाळच्या वर्गात परदेशातून आलेली मंडळी इंग्रजी शिकायला येतात, एवढीच गोष्ट. शिकवणारे मिस्टर ब्राऊन म्हणजे बॅरी इव्हान्स, गोरागोमटा, भिडस्त आणि सोशिक माणूस. त्यांच्या डोक्यावर मुख्याध्यापिका मिस कोर्टनी, म्हणजे झारा नटली. ही बाई दार वाजवून आत आली असं कधी घडलं नाही.

आणि विद्यार्थी? पंजाबचा सरदार रणजीत सिंग, पाकिस्तानचा अली नदीम, इटलीचा जिओवानी, ग्रीसचा मॅक्स, स्पेनचा हुआन, फ्रान्सची दानिएल, जर्मनीची ॲना, जपानचा तारो, माओचं लाल पुस्तक घेऊन येणारी चिनी सू-ली, आणि सुरुवातीला इंग्रजीचा एक शब्दही न येणारी, वर्गात मान खाली घालून विणत बसणारी जमीला. पहिल्याच भागात रणजीत आणि अली यांची जुंपते. फाळणी होऊन तीस वर्षं झाली होती, पण बाकावर शेजारी बसवलं की ती पुन्हा सुरू!

गंमत म्हणजे यातली निम्मी मंडळी भलत्याच गावची. सरदार झालेले अल्बर्ट मोझेस मूळचे श्रीलंकेचे. अली झालेले दिनो शफीक ढाक्याचे. जमीला मॅसी मात्र खरोखर आपल्याकडच्या, सिमल्यात जन्मलेल्या. ग्रीक मॅक्स झालेले केवोर्क मालिक्यान तुर्कस्तानात जन्मलेले आर्मेनियन, तर सू-ली झालेल्या पिक-सेन लिम मलेशियातल्या पेनांगच्या.

विनोद म्हणाल तर साधा. इंग्रजी वाक्प्रचाराचा शब्दशः अर्थ घ्यायचा आणि गोंधळ उडवायचा. पण आम्ही हसायचो ते सुटल्यासारखे. दिवसभर कुणी ना कुणी 'पार्डन?' म्हणून आमचं वाक्य परत वदवून घेतलेलं असायचं. बस कंडक्टर, दूधवाला, वॉर्डातली सिस्टर. शुक्रवारी संध्याकाळी आमच्याहून वाईट इंग्रजी बोलणारी दहा माणसं टीव्हीवर दिसायची. आपण त्यांच्यातले नाही, असं अर्धा तास तरी वाटायचं.

मालिका तीन वर्षंही चालली नाही. १९७९ साली ती बंद झाली. लंडन वीकेंडचे त्या वेळचे कार्यक्रमप्रमुख मायकेल ग्रेड यांना त्यातली ठोकळेबाज परदेशी माणसं खटकली, असं सांगितलं जातं. खरं सांगायचं तर ते चूक नव्हते. फ्रेंच बाई म्हणजे नखरेल, जर्मन म्हणजे शिस्तीची, सरदार म्हणजे भडकू, हे आज बघताना आम्हालाही टोचतं. १९८६ मध्ये तिचे आणखी तेरा भाग निघाले, पण पूर्वीची मजा नव्हती. ब्रिटिश विनोदी मालिकांचं कौतुक निघालं की 'फॉल्टी टॉवर्स' आणि 'येस मिनिस्टर'ची नावं येतात, हिचं नाव कुणी फारसं घेत नाही. बॅरी इव्हान्सना तर पुढे कामंच मिळेनाशी झाली. शेवटी शेवटी ते लेस्टरशायरमध्ये टॅक्सी चालवत होते. १९९७ च्या फेब्रुवारीत ते घरी मृतावस्थेत सापडले. वय अवघं त्रेपन्न.

ह्याच मालिकेची अमेरिकन आवृत्तीही निघाली होती, हे कितीजणांना आठवतंय? 'व्हॉट अ कंट्री!', १९८६-८७. वर्ग नागरिकत्वाच्या परीक्षेचा, आणि त्यातला पाकिस्तानी विद्यार्थी कोण? आपला टेनिसपटू विजय अमृतराज! एकच मोसम चालली. तिकडे भारतात १९९३ साली 'ज़बान सँभालके' आली. पंकज कपूर मास्तर, आणि वर्ग हिंदीचा. त्यात हिंदी शिकायला बसलेला मराठी माणूस झाले होते विजू खोटे, आणि मिस कोर्टनीच्या जागी त्यांच्या सख्ख्या भगिनी शुभा खोटे. म्हणजे बघा, वर्ग बदलला की हसणारा कोण आणि हसं कुणाचं, हेही बदलतं. हिंदीच्या वर्गात आपणच रणजीत!

हे आम्हाला कळायला मात्र दोन धडे घ्यावे लागले.

पहिला धडा आईंचा. १९८९ साली त्या आमच्याकडे मिशिगनला राहायला आल्या. नातवंडं शाळेत, आम्ही दोघं कामावर. घरात एकट्या कंटाळतील म्हणून लायब्ररीतल्या इंग्रजीच्या वर्गात त्यांचं नाव घातलं. त्याच सुमारास एका रात्री ह्या कॅसेट लावल्या. जमीला पडद्यावर आली आणि मुलं आजीकडे बघून खिदळायला लागली. आम्हीही हसलो, खोटं कशाला बोला! आई हसल्या नाहीत. थोडा वेळ बघून म्हणाल्या, "ती विणतेय ते बघितलंत का? बोलता बोलता एक टाका चुकत नाहीये. तिला काय येतं ते त्या मास्तरला कुणी सांगितलं का?"

पुढच्या आठवड्यात त्या वर्गाला जाताना लोकर आणि सुया घेऊन गेल्या. महिन्याभरात व्हिएतनामच्या एका आजी आणि पोलंडच्या एक बाई त्यांच्याकडून विणकाम शिकत होत्या. कुठल्या भाषेत, ते विचारू नका.

दुसरा धडा आम्ही स्वतःच मास्तर झालो तेव्हाचा. १९९२ साली रविवारच्या मराठी शाळेत मोठ्या हौसेनं शिकवायला लागलो. समोर इथंच जन्मलेली दहा-बारा मुलं. 'बाबा हात धुऊन मागे लागले' म्हटलं, तर एकानं विचारलं, "पण आधी हात का धुतले?" 'पोटात कावळे ओरडतात' याचं एकीनं चित्र काढून आणलं, पोटात तीन कावळे, चोची उघडलेल्या. अहो, हे तर थेट मिस्टर ब्राऊनच्या वर्गातलंच!

एक सात वर्षांची मुलगी उभी राहिली आणि उत्साहानं म्हणाली, "काल माझा आजी आला!" सगळे हसले. मुलं हसली, मागे बसलेले पालक हसले, आणि सर्वांत मोठ्यानं हसलो आम्ही. ती खाली बसली. पुढचे तीन रविवार तिनं तोंड उघडलं नाही. मग तिच्या आईचा फोन आला, "ती घरीसुद्धा आजीशी मराठी बोलत नाहीये. आजी विचारतात, माझं काही चुकलं का?"

त्या रात्री आम्हाला झोप लागली नाही. मिस्टर ब्राऊन चुका सुधारत, वैतागत, कपाळाला हात लावत, पण माणसाला हसत नसत. ते काम मिस कोर्टनीचं. आणि आम्ही स्वतःला ब्राऊन समजत असताना कोर्टनी होऊन बसलो होतो. आणखी एक गोष्ट लक्षात आली. त्या वर्गात सगळेच चुकायचे, म्हणून कुणाला चुकायची लाज नव्हती. आमच्या वर्गात फक्त मुलं चुकत होती.

म्हणून पुढच्या रविवारी शेवटची दहा मिनिटं आम्ही बाकावर बसलो आणि मुलांना सांगितलं, आता तुम्ही आम्हाला स्पॅनिश शिकवा. मोठ्या मुलांना शाळेत ती होती. आम्ही असे काही उच्चार केले की वर्ग लोळायचा बाकी राहिला. पहिलं हसू त्या मुलीचं. मग ती फळ्याशी आली आणि आमच्यातल्या एकाला म्हणाली, "काका, तुमची तोंड नीट उघडा!"

'तुमची तोंड'. आम्ही दोघांनी एकमेकांकडे बघितलं आणि तोंड नीट उघडलं.

आई २००४ साली गेल्या. बेसमेंट अजून आवरायचंच आहे. कॅसेट काही टाकवल्या नाहीत, त्या परत खोक्यात ठेवल्या, आणि त्याच खोक्यात आईंच्या सुयाही. घरी नातवंडं आली की एखादा भाग त्यांच्याबरोबर जरूर बघा. काही ठिकाणी अवघडल्यासारखं होईल, तेही त्यांना सांगा. आणि मुलं 'आजी आला' म्हणाली, तर आधी दार उघडा. व्याकरण नंतर.