पिंजऱ्यातले झाड

‘सरड्याची धाव कुंपणापर्यंत’ ही म्हण घोयऱ्याला मात्र लागू नाही. तो धावतच नाही. फांदीवर डुलत डुलत चालतो. युरोप-अमेरिकेत त्याचा येमेनमधला भाऊबंद हौसेने पाळतात. त्याची निगा अभ्यासताना मला वाटले, की पिंजरा बांधणे म्हणजे घरात झाडच उभे करणे होय.

पिंजरा जाळीचा व चांगला ४ फूट उंच हवा. कोंदट हवा या प्राण्याला बाधते. आत आडव्या फांद्या आणि दाट पाने हवीत. वाटीतले पाणी तो सहसा पीत नाही, थेंब चाटतो. म्हणून पानांवर फवारा मारावा लागतो. अतिनील किरणांवाचून कॅल्शियम अंगी लागत नाही, हाडे वाकतात. त्यासाठी खास दिवा लावतात आणि खाद्याच्या किड्यांना कॅल्शियमची पूड चोळतात. एका पिंजऱ्यात एकच ठेवावा. दुसरा नुसता दिसला तरी तो बिथरतो.

एवढा खटाटोप करून जे साधते, ते आपल्या रानातले झुडूप घोयऱ्याला फुकट देते. तेव्हा मित्रहो, तो दिसला तर डोळे भरून पाहावा, घरी मात्र आणू नये. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानेही त्याला पकडण्यास मनाई आहे.