शेवट आधीच ठाऊक असलेली गोष्ट

मोठ्या शहरात नोकरी करणारी एक तरुणी. कामात हुशार, पण क्षणाची उसंत नसलेली. तिचा होणारा नवरा तिच्याहूनही अधिक घाईत. डिसेंबरात काही कारणाने तिला आपल्या लहानशा गावी जावे लागते. तिथे शाळेतला जुना मित्र भेटतो. तो सुतारकाम करतो, नाही तर नाताळची झाडे लावून विकतो. अनेकदा तो विधुर असतो आणि त्याला सात-आठ वर्षांची एक चुणचुणीत मुलगी असते. गावातली जुनी बेकरी किंवा लहानसे हॉटेल बंद पडायला आलेले असते. दोघे मिळून ते वाचवतात. मग नाताळच्या आदल्या रात्री बर्फ पडू लागतो, दोघे एकमेकांचे चुंबन घेतात आणि चित्रपट संपतो.

ही एका चित्रपटाची गोष्ट नाही. थोड्याफार फरकाने ती शेकडो चित्रपटांची गोष्ट आहे. अमेरिकेत ऑक्टोबर सरत आला की दूरचित्रवाणीवर असे चित्रपट सुरू होतात आणि वर्ष संपेपर्यंत चालू राहतात. ते चित्रपटगृहांसाठी काढलेले नसतात. घरच्या पडद्यासाठीच काढलेले असतात. त्यांत अग्रेसर आहे ती ‘हॉलमार्क’ ही वाहिनी. २०१९ साली एकट्या हॉलमार्कने आपल्या दोन वाहिन्यांसाठी नाताळचे ४० नवे चित्रपट जाहीर केले होते. ‘लाइफटाइम’, ‘नेटफ्लिक्स’ यांचे चित्रपट वेगळेच.

मी असे बरेच चित्रपट पाहिले आहेत. सगळे सारखेच असतात, अशी टीका त्यांच्यावर नेहमी होते. ती खरी आहे. पण हा सारखेपणा आळसातून येत नाही. तोच त्यांचा माल आहे. तो कसा तयार होतो आणि कुणाला विकला जातो, हे पाहण्याजोगे आहे.

हॉलमार्क ही मुळात शुभेच्छापत्रे छापणारी कंपनी. जॉइस हॉल नावाचा अठरा वर्षांचा मुलगा १९१० साली बुटांच्या दोन खोक्यांत चित्रांची पोस्टकार्डे भरून कॅन्सस सिटीला आला आणि त्याने धंदा मांडला. योगायोग असा, की छापील नाताळपत्र आणि नाताळची आधुनिक गोष्ट या दोन्हींचा जन्म एकाच शहरात, एकाच वर्षी झाला. १८४३ साली लंडनमध्ये हेन्री कोल यांनी विक्रीसाठी पहिले नाताळपत्र छापून घेतले. त्याच वर्षी चार्ल्स डिकन्स यांची ‘अ ख्रिसमस कॅरल’ प्रसिद्ध झाली. कोरड्या मनाचा माणूस नाताळच्या एका रात्रीत पाझरतो, हे सूत्र तेव्हापासून चालत आले आहे. हॉलमार्कने पुढे पत्र आणि गोष्ट यांची सांगड घातली. १९५१ सालच्या नाताळच्या आदल्या रात्री तिने एनबीसीवर ‘अमाल अँड द नाइट व्हिजिटर्स’ ही मेनॉटी यांची संगीतिका प्रायोजित केली. खास दूरचित्रवाणीसाठी लिहून घेतलेली ती पहिली संगीतिका. २००१ साली कंपनीच्या नावाची वाहिनी अमेरिकेत सुरू झाली आणि २००९ पासून तिथे नाताळची उलटगणती नियमाने होऊ लागली.

शुभेच्छापत्रात काय असते? आपल्याला जे म्हणायचे असते पण जमत नाही, ते दुसऱ्या कुणीतरी आधीच छापून ठेवलेले असते. त्यात नावीन्य नको असते. वेळेवर मिळणे महत्त्वाचे. हे चित्रपट म्हणजे तशीच दीड तासाची शुभेच्छापत्रे आहेत.

सणाला पुनरावृत्ती लागते आणि दूरचित्रवाणीलाही. याचे उत्तम उदाहरण म्हणजे फ्रँक काप्रा यांचा १९४६ सालचा ‘इट्स अ वंडरफुल लाइफ’. चित्रपटगृहांत त्याने फारसा धंदा केला नाही. १९७४ साली त्याच्या हक्कांचे नूतनीकरण राहून गेले. चित्रपट जवळजवळ फुकट मिळतो म्हटल्यावर गावोगावच्या वाहिन्या तो दर डिसेंबरला दाखवू लागल्या. हक्क पुढे पुन्हा बांधले गेले, पण तोवर पाहून पाहून तो अमेरिकेचा नाताळचा चित्रपट होऊन बसला होता. तेच ते दाखवले तरी लोक कंटाळत नाहीत, उलट त्याचीच वाट पाहतात, हे वाहिन्यांना कळून चुकले.

आता हे चित्रपट बनतात कसे ते पाहू. दूरचित्रवाणीवर चित्रपटासाठी दोन तास राखलेले असतात. त्यांत चित्रपट सुमारे ८४ मिनिटांचा, बाकी जाहिराती. म्हणून पटकथेचे नऊ तुकडे पाडतात आणि प्रत्येक तुकडा प्रेक्षक जाहिरातीनंतर परत येईल अशा जागी तोडतात. नायक-नायिकेचे चेहरे जवळ येतात, इतक्यात ओव्हनची घंटा वाजते किंवा कुणीतरी आत येते. खरे चुंबन बहुधा शेवटासाठी राखलेले असते. लेखकाला हे चौकटीत बसवावेच लागते.

चित्रीकरण दोन-तीन आठवड्यांत उरकते आणि पुष्कळदा ते भर उन्हाळ्यात होते. डिसेंबरात दाखवायचे तर जुलैत काढायला हवे. कागदाचा, फेसाचा, कापसाच्या गाद्यांचा बर्फ अंथरतात. लोकरी कोट घातलेले नट घामाघूम होत थंडी वाजल्याचा अभिनय करतात. आणि ते अमेरिकी गाव तरी अमेरिकेत कुठे असते? ते बरेचदा कॅनडात असते. ब्रिटिश कोलंबियातले फोर्ट लँगली किंवा ऑन्टारियोतले आल्माँट असे एखादे टुमदार गाव अमेरिकेचे सोंग घेते. कॅनडाचा डॉलर स्वस्त, शिवाय स्थानिक कलाकार-तंत्रज्ञांच्या वेतनावर केलेल्या खर्चाचा काही भाग तिथली सरकारे करसवलतीच्या रूपाने परत देतात. अमेरिकेचे स्वप्नातले गाव असे शेजाऱ्याच्या अंगणात उभे राहते.

तरीही लोक पाहतात. का पाहतात? याचे उत्तर मराठी माणसाला अवघड जाऊ नये. कीर्तनाला बसलेल्या प्रत्येकाला ठाऊक असते की द्रौपदीची लाज राखली जाणार आहे. म्हणून कुणी उठून जात नाही. पुढे काय होणार याची धाकधूक नसली की मन निवांतपणे ऐकू शकते. नाताळच्या या चित्रपटांत दहा मिनिटे चुकली तरी काही बिघडत नाही. स्वयंपाक करता करता, आजाऱ्यापाशी बसून, रिकाम्या घरात केवळ आवाज असावा म्हणूनही ते लावून ठेवता येतात. सगळ्या जगाने घरी जाण्याच्या दिवसांत ज्याला जायला घर नाही, त्याला त्या आवाजाची गरज अधिक.

२०१७ साली नेटफ्लिक्सने ‘अ ख्रिसमस प्रिन्स’ आणला. सलग अठरा दिवस रोज तो पाहणारे ५३ प्रेक्षक आहेत, तुम्हाला कुणी दुखावले आहे का, अशी थट्टा कंपनीने ट्विटरवर जाहीरपणे केली. आपण काय पाहतो यावर कंपनीची एवढी बारीक नजर आहे, म्हणून पुष्कळ लोक चिडले. मला त्या थट्टेतला दुसरा भाग अधिक टोचतो. दुखावलेल्या माणसाला दिलासा विकायचा आणि तो घेतल्याबद्दल त्यालाच हसायचे, हे बरे नव्हे.

या गोष्टीच्या गाभ्याला मराठीत नेमका शब्द आहे: माहेर. नायिका गावी जाते ती माहेरीच जाते. जुनी खोली, आईच्या हातची बिस्किटे, तिला लहानपणापासून ओळखणारी माणसे. फरक एवढाच, की आपली माहेरवाशीण चार दिवसांनी परत जाते, ही मात्र तिथेच राहते, पुष्कळदा शहरातली नोकरी सोडून. इथे हे चित्रपट खोटे बोलू लागतात. अमेरिकेतल्या कितीतरी लहान गावांतले कारखाने बंद पडले, मोठ्या साखळी दुकानांपुढे बाजारपेठेतली जुनी दुकाने मिटली. चित्रपटातल्या गावात मात्र बेकरी, पुस्तकांचे दुकान आणि खेळण्यांचे दुकान शेजारी शेजारी सुखाने नांदतात. शहरातून आलेल्या बिल्डरला नाताळच्या एका जत्रेत हरवता येते.

त्याहून मोठा प्रश्न असा, की हे माहेर कुणाचे? वर्षानुवर्षे या चित्रपटांतली प्रमुख जोडी जवळजवळ नेहमी गोरी असे, आणि एक पुरुष व एक स्त्री अशीच असे. डिसेंबर २०१९ मध्ये ‘झोला’ या विवाहनियोजन कंपनीची एक जाहिरात हॉलमार्कवर लागली. तीत दोन स्त्रिया आपल्या लग्नात एकमेकींचे चुंबन घेत होत्या. एका संघटनेने आक्षेप घेताच वाहिनीने जाहिरात काढली. त्यावर दुसऱ्या बाजूने मोठा संताप उसळला, तेव्हा काही दिवसांतच कंपनीने माफी मागून ती परत घेतली. पुढच्याच महिन्यात वाहिनीचे प्रमुख बिल ॲबट पायउतार झाले.

त्यानंतर दोन वाटा फुटल्या. हॉलमार्कने २०२० साली ‘द ख्रिसमस हाऊस’मध्ये समलिंगी जोडप्याला महत्त्वाचे स्थान दिले आणि २०२२ च्या ‘द हॉलिडे सिटर’मध्ये दोन पुरुष हीच प्रमुख जोडी होती. ॲबट २०२१ मध्ये दुसऱ्या वाहिनीकडे गेले. तीच आजची ‘ग्रेट अमेरिकन फॅमिली’. हॉलमार्कची गाजलेली नायिका कॅन्डेस कॅमेरॉन ब्यूर २०२२ साली तिकडे गेली आणि पारंपरिक विवाहच आपल्या चित्रपटांच्या केंद्रस्थानी राहील, असे तिने सांगितले.

एवढ्या हलक्याफुलक्या करमणुकीवरून एवढे भांडण का व्हावे? कारण शेवट ठाऊक असणे म्हणजे एक वचन असते. तू उशिरा आलास, चुकलास, एकटा पडलास, तरी या घराचे दार तुला उघडेल, असे ते वचन. आजवर ते ज्यांना मिळत होते, त्यांना त्याची किंमत जाणवत नव्हती. ज्यांना ते कधी मिळालेच नव्हते, त्यांना ती नेमकी ठाऊक होती.

‘द हॉलिडे सिटर’मध्ये चाकोरी जशीच्या तशी आहे. कामात बुडालेला शहरी ब्रह्मचारी, सांभाळायला आलेली बहिणीची मुले, मदतीला धावणारा प्रेमळ शेजारी. जोडी तेवढी बदलली. साचा मोडला नाही, त्यात दोन माणसे अधिक मावली. कारखान्यात ओतलेल्या गोष्टीकडून याहून मोठ्या क्रांतीची अपेक्षा मी करत नाही. पण डिसेंबरच्या रात्री एकट्याने पडद्यासमोर बसलेल्या कुणाला ‘हे घर माझेही असू शकते’ असे वाटले, तर ती गोष्ट काही लहान नाही.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)