तुपाला आधार भांड्याचा? सी हॉक आणि विक्रांतची गोष्ट

मागच्या व्याख्यानात आधार आणि आधेय यांचा विषय निघाला होता. भांड्याला तुपाचा आधार, की तुपाला भांड्याचा, हा नैयायिकांचा जुना विनोद आम्ही सांगितला आणि सगळे हसले. नंतर अकरावीतला एक मुलगा आमच्याजवळ आला. म्हणाला, "सर, मग जहाजावरच्या विमानाचं काय?" प्रश्न चांगला होता. आज तेवढाच घेऊ.

आपल्या नौदलाचं पहिलं जेट लढाऊ विमान म्हणजे सी हॉक. ब्रिटनच्या हॉकर कंपनीचं. त्याचा पहिला नमुना १९४७ साली उडाला. तिथल्या हवाई दलाला ते फारसं रुचलं नाही, नौदलाने मात्र उचललं. विमान लहान आणि हलकं, इंजिन एकच, नाकाखाली वीस मिलिमीटरच्या चार तोफा, पंखांखाली बॉम्ब किंवा रॉकेटं. एक गंमत पाहा. इंजिनाचा धूर शेपटीतून निघत नाही. नळी दोन बाजूंना फाटते आणि पंखांच्या बुडाशी बाहेर पडते. असं का? तर शेपटीकडची जागा इंधनाच्या टाकीला मोकळी राहावी म्हणून. समुद्रावर इंधन म्हणजे परतीचं तिकीट, बरं का.

१८ मे १९६१ रोजी लेफ्टनंट ताहिलियानी यांनी विक्रांतवर पहिलं जेट उतरवलं. पुढे तेच नौदलप्रमुख झाले. आता विक्रांतची लांबी किती? सुमारे २१३ मीटर. आपल्या बोदवडवरून जाणारी वीस डब्यांची गाडी याच्या दुप्पट भरेल. विमानाला हवेत तरंगायला ताशी दोनशे किलोमीटरच्या आसपास वेग लागतो, तो एवढ्याशा जागेत कुठून आणायचा? तीन ठिकाणांहून उसना घ्यायचा. जहाज वाऱ्याला तोंड देऊन जोरात पळतं, समोरचा वारा त्यात भर घालतो, आणि उरलेला धक्का कॅटापुल्ट देतं. हे कॅटापुल्ट वाफेवर चालतं. वाफ जहाजाच्याच बॉयलरची. उतरताना विमानाचा हुक डेकवर ताणलेल्या तारेत अडकतो, तेव्हाही जहाजाचा वेग कामी येतो.

भुसावळची वाफेची इंजिनं ज्यांनी पाहिलीत त्यांना बॉयलरचं दुखणं काय असतं हे सांगायला नको. १९७१ च्या युद्धाआधी विक्रांतच्या बॉयलरला तडे गेले होते. सुमारे २५ नॉटने पळणारं जहाज १६ च्या आसपास आलं. जहाज मंद म्हणजे डेकवरचा वारा कमी, आणि पाणबुडीला सावज सोपं. ते युद्धात न्यावं की बंदरात ठेवावं? १९६५ च्या युद्धात ते दुरुस्तीसाठी गोदीत होतं, ती सल नौदलात होतीच. नौदलप्रमुख ॲडमिरल नंदा यांनी ते बंगालच्या उपसागरात पाठवायचं ठरवलं.

आम्हाला विचाराल तर यात नुसतं धाडस नव्हतं, हिशेबही होता. विमान हलकं असलं की कॅटापुल्टच्या तेवढ्याच धक्क्यात त्याला जास्त वेग मिळतो. लंगडं जहाज जड विमानाला उडवू शकलं नसतं. ज्या लहानपणामुळे सी हॉक जुनाट वाटू लागलं होतं, तेच इथे उपयोगी पडलं. तरी वैमानिकांचा विचार करा. इंजिन एक, खाली पाणी, आणि परतायचं त्या जहाजावर, ज्याला घाई करता येत नाही.

४ डिसेंबरला सी हॉकनी कॉक्स बाजारच्या धावपट्टीवर हल्ला केला, मग चितगावकडे वळले. विक्रांतच्या शोधात आलेली पाकिस्तानची पाणबुडी गाझी त्याच्या आदल्या रात्री विशाखापट्टणमजवळ बुडाली होती. पुढच्या दिवसांत बंदरं आणि जहाजं यांवर मारा चालूच राहिला. पूर्वेकडच्या सैन्याला समुद्रावाटे ना मदत आली, ना निघून जाता आलं.

मग त्या मुलाच्या प्रश्नाचं काय? आम्ही त्याला म्हटलं, तूप आणि भांडं इथे आळीपाळीने जागा बदलतात. डेकवर असेपर्यंत जहाज आधार. विमान एकदा उडालं, की दूरवरून जहाजाचं रक्षण करणारा आधार तेच. त्याला ते पूर्ण पटलेलं दिसलं नाही. "मग जहाज बुडालं तर?" म्हणाला. त्यावर पुढच्या वेळी बोलू.

१९८३ साली सी हॅरिअर आली आणि सी हॉकचा काळ संपला. विक्रांत २०१४ साली मुंबईत दारूखान्याला तोडली गेली. गोव्याला गेलात तर दाबोळीजवळ नौदलाच्या विमानांचं संग्रहालय आहे, तिथे एक सी हॉक उभं आहे. पंखाच्या बुडाशी ती धुराची भोकं शोधा. दोन्ही बाजूंनी पाहा, एकाच बाजूने पाहून परतू नका.