कोणता घोडा जिंकेल? एका शर्यतीच्या दिवसाचे गणित

संभाव्यता शिकवताना आपण नाणे उडवतो, फासा टाकतो, पत्त्यांच्या कॅटमधून पान काढतो. या उदाहरणांत एक मोठी सोय असते. फाशाच्या सहाही बाजू सारख्या असतात, म्हणून प्रत्येक बाजू वर येण्याची संभाव्यता १/६ आहे हे आपण फासा न टाकताच सांगू शकतो.

आता एक वेगळा प्रश्न घेऊ. पुण्याच्या किंवा मुंबईत महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर एका शर्यतीत पाच घोडे धावणार आहेत. तर प्रत्येक घोडा जिंकण्याची संभाव्यता १/५ आहे का? वर्गात हा प्रश्न विचारून पाहा. बहुतेक विद्यार्थी ‘नाही’ म्हणतील, आणि ते बरोबरच आहे. पण मग ती किती? शिवाय ही शर्यत एकदाच होणार. तेच घोडे, तेच जॉकी, तशीच जमीन पुन्हा एकत्र येणार नाहीत. जी घटना एकदाच घडायची आहे तिच्याबाबत ‘४० टक्के’ या आकड्याला अर्थ तरी काय?

शर्यतीचा विषय शाळेत काढावा का, अशी शंका काही शिक्षकांना येईल. पैज कशी लावावी हे शिकवण्याचा आमचा हेतू नाही. पैज लावणाऱ्याचा पैसा कोठे जातो हे ज्याला बेरीज-भागाकार करून दिसले, तो उपदेशाशिवायही सावध होतो. आणि पावसाचा अंदाज, पिकाचा अंदाज, औषधाचा गुण येण्याची शक्यता हे सगळे प्रश्न फाशापेक्षा घोड्यांच्या शर्यतीच्या अधिक जवळचे आहेत.

घोड्याविषयीची माहिती

महाभारतातील नलाख्यानात एक मजेदार देवघेव आहे. बाहुकाच्या वेषातील नळ ऋतुपर्ण राजाचा रथ विदर्भाकडे हाकत असतो. वाटेत राजा एका बेहड्याच्या झाडाची पाने आणि फळे किती ते नुसत्या नजरेने सांगतो. नळ रथ थांबवून ती मोजतो आणि राजाचा आकडा बरोबर निघतो. मग नळ आपली अश्वविद्या देऊन राजाची अक्षविद्या, म्हणजे फाशांची विद्या, घेतो. शर्यतीचा अंदाज करणाऱ्याला या दोन्ही विद्या लागतात.

अश्वविद्येपासून सुरुवात करू. रेसकोर्सवर मिळणाऱ्या कार्डावर प्रत्येक घोड्याचे वय, त्याच्यावरचे वजन, जॉकी, ट्रेनर आणि पूर्वीच्या शर्यतींतील क्रमांक छापलेले असतात. जाणकार माणूस त्यातून काय वाचतो?

पहिली गोष्ट अंतर. १२०० मीटरच्या शर्यतीत चमकणारा घोडा २४०० मीटरच्या इंडियन डर्बीत टिकेलच असे नाही. दुसरी गोष्ट जमीन. पुण्याचा हंगाम पावसाळ्यात सुरू होतो, तेव्हा धावपट्टी मऊ असते. ती किती मऊ आहे हे पेनेट्रोमीटरने मोजतात. ठरावीक उंचीवरून वजन सोडले असता दांडी जमिनीत किती रुतते, हे या साध्या उपकरणावर कळते. काही घोडे मऊ जमिनीवर खुलतात, काही अडखळतात.

तिसरी गोष्ट वजन. ‘हँडिकॅप’ प्रकारच्या शर्यतीत अधिक चांगल्या घोड्याला मुद्दाम अधिक वजन देतात. जॉकीचे स्वतःचे वजन कमी पडले तर खोगिराबरोबर शिशाचे तुकडे ठेवून ते पुरे करतात. सगळ्या घोड्यांच्या संधी शक्य तितक्या सारख्या व्हाव्यात हाच त्यामागील हेतू असतो. म्हणजे अंदाज करणे अवघड व्हावे अशीच या शर्यतीची रचना आहे!

आता थोडा हिशेब. चांगला घोडा १२०० मीटर अंतर सुमारे ७० सेकंदांत कापतो, म्हणजे त्याचा सरासरी वेग सेकंदाला सुमारे १७ मीटर होतो. दोन घोड्यांमधील अंतर ‘लांबी’त, म्हणजे घोड्याच्या अंगाच्या लांबीत सांगतात. ती सुमारे २.४ मीटर धरली, तर एका लांबीचा फरक म्हणजे सुमारे ०.१४ सेकंद. हा ७० सेकंदांच्या ०.२ टक्के झाला. सुटताना क्षणभर उशीर होणे, वळणावर थोडे बाहेरून जावे लागणे, समोर दुसरा घोडा आडवा येणे, यांपैकी कशानेही एवढा फरक पडू शकतो. घोड्याघोड्यांतील फरक लहान आणि एकाच घोड्याच्या दोन दिवसांच्या कामगिरीतील फरक मोठा, अशी स्थिती असेल तेथे ‘हाच जिंकेल’ असे म्हणता येत नाही. फार तर ‘याची शक्यता अधिक’ असे म्हणता येते.

लोकांचा कौल

ही शक्यता आकड्यात कशी मांडायची? एक उत्तर रेसकोर्सवरच्या फलकावर असते. टोटॅलिझेटर, म्हणजे बोलीभाषेत टोट, या पद्धतीत एका शर्यतीवर लागलेला सगळा पैसा एकत्र करतात, त्यातून ठरावीक वजावट करतात आणि उरलेला पैसा जिंकलेल्या घोड्यावर पैसे लावणाऱ्यांत वाटतात. ही कल्पना १८६० च्या दशकात पॅरिसमध्ये जोसेफ ओलेर याने रूढ केली. हा हिशेब आपोआप करणारे जॉर्ज ज्यूलियस याचे यंत्र १९१३ मध्ये न्यूझीलंडमधील ऑकलंड येथे बसवण्यात आले. मजा अशी, की त्या यंत्राची मूळ कल्पना मतमोजणीसाठी होती. टोट ही एका अर्थी मतमोजणीच आहे. फरक इतकाच, की येथे मते रुपयांत मोजतात.

समजा, पाच घोड्यांवर मिळून १ लाख रुपये लागले आणि वजावट २० टक्के आहे. (प्रत्यक्ष वजावट ठिकाणानुसार, पैजेच्या प्रकारानुसार आणि करानुसार बदलते. सोयीसाठी आपण ही संख्या घेतली आहे.) वाटण्यासाठी ८० हजार उरले. पुढील यादीत घोड्यावर लागलेली रक्कम आणि तो जिंकल्यास एका रुपयामागे परत मिळणारी रक्कम दिली आहे.

अ – ४०,००० रुपये – २.०० रुपये
ब – २५,००० रुपये – ३.२० रुपये
क – १६,००० रुपये – ५.०० रुपये
ड – १२,००० रुपये – ६.६७ रुपये
इ – ७,००० रुपये – ११.४३ रुपये

फलकावर आपल्याला फक्त शेवटचा रकाना दिसतो असे समजू. त्यातून संभाव्यता काढण्यासाठी प्रत्येक रकमेचा व्यस्त घ्या. १/२ म्हणजे ५० टक्के, १/३.२ म्हणजे ३१.२५ टक्के. पुढचे तीन आकडे अनुक्रमे २०, १५ आणि ८.७५ टक्के येतात. बेरीज करा. ती १२५ टक्के भरते! पाचांपैकी एकच घोडा जिंकणार, म्हणून बेरीज १०० हवी. जादा २५ टक्के म्हणजे त्या वजावटीचीच सावली आहे. प्रत्येक आकड्याला १.२५ ने भागा, म्हणजे ४०, २५, १६, १२ आणि ७ टक्के मिळतील. पैसे लावणाऱ्या सगळ्यांनी मिळून केलेला अंदाज तो हाच.

हा अंदाज कितपत खरा असतो? बराच, असे अनेक अभ्यासांत दिसले आहे. १९४९ मध्ये मानसशास्त्रज्ञ आर. एम. ग्रिफिथ यांनी अमेरिकेतील शर्यतींच्या नोंदी तपासल्या. लोकांचा अंदाज ढोबळ मानाने बरोबर होता, पण त्यात एक कल आढळला. फारशी आशा नसलेल्या घोड्यांवर लोक गरजेपेक्षा जास्त पैसे लावत होते आणि आवडत्या घोड्यांवर कमी. मोठ्या बक्षिसाचा मोह शक्यतेच्या अंदाजातही शिरतो, तो असा.

१९८६ मध्ये रूथ बोल्टन आणि रँडल चॅपमन यांनी घोड्यांची आणि जॉकींची माहिती एका संख्याशास्त्रीय सूत्रात घालून संभाव्यता काढण्याची रीत मांडली. ती पुढे नेणाऱ्या विल्यम बेंटर यांनी हाँगकाँगमधील आपल्या अनुभवावर १९९४ मध्ये लिहिले. त्यांच्या लेखात लक्षात घेण्याजोगी गोष्ट ही, की केवळ आपल्या सूत्रावर ते विसंबले नाहीत. सूत्राचे उत्तर आणि लोकांचा कौल यांचा मेळ घातल्यावर अंदाज सुधारला.

कौशल्य आणि नफा

आपल्या देशात १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, घोड्यांच्या शर्यतीत कौशल्याचा भाग प्रधान असतो, असा निर्णय दिला. वर सांगितलेली अश्वविद्या पाहता कौशल्य आहे हे पटते. पण कौशल्य असणे आणि नफा होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

लोकांचा अंदाज अगदी बरोबर आहे असे धरा आणि अशा १०० शर्यतींत ‘अ’वर प्रत्येक वेळी १ रुपया लावा. ४० वेळा २ रुपये, म्हणजे ८० रुपये परत. ‘ब’वर लावले तर २५ × ३.२०, म्हणजे पुन्हा ८० रुपयेच. ‘इ’वर लावले तरी ७ × ११.४३, जवळपास ८० रुपयेच! घोडा कोणताही निवडा, दीर्घकाळात १०० चे ८० होतात. नुसते नुकसान टाळायचे तरी ‘अ’ची खरी शक्यता ५० टक्के हवी. म्हणजे इतरांपेक्षा थोडे अधिक कळून भागत नाही. वजावट भरून निघेल इतके अधिक कळावे लागते, आणि तेही पुन्हा पुन्हा.

दिवसभराच्या आठ शर्यती

समजा, दिवसात आठ शर्यती आहेत आणि प्रत्येकीत सर्वांत आवडत्या घोड्याची शक्यता ४० टक्के आहे. द्विपद वितरणाने काढल्यास एकही आवडता घोडा न जिंकण्याची शक्यता ०.६ चा आठवा घात, म्हणजे १.७ टक्के येते. तीन जिंकण्याची २७.९ टक्के, चार जिंकण्याची २३.२ टक्के आणि सहा किंवा अधिक जिंकण्याची सुमारे ५ टक्के. ‘आज सगळे उलटेच झाले’ किंवा ‘आज सगळे बरोबर आले’ असे लोक म्हणतात, तेव्हा बहुधा विशेष काही घडलेले नसते. लागोपाठ पाच शर्यतींचे विजेते ओळखायचे असतील, तर पाचही वेळा सर्वांत आवडता घोडा धरूनही यशाची शक्यता ०.४ चा पाचवा घात, म्हणजे जेमतेम १ टक्का.

वर्गात हे पैशांशिवाय करून पाहता येईल. शंभर चिठ्ठ्या करा. ४० वर अ, २५ वर ब, १६ वर क, १२ वर ड आणि ७ वर इ लिहा. प्रत्येक गटाने एक चिठ्ठी काढून नोंद करावी आणि ती परत टाकावी, असे आठ वेळा. हा झाला एक ‘दिवस’. सगळ्या गटांचे मिळून तीसचाळीस दिवस झाले, की ‘अ’ किती वेळा आला याचा स्तंभालेख काढा आणि वरच्या आकड्यांशी ताडून पाहा.

अंदाज बरोबर की चूक?

आता सुरुवातीच्या प्रश्नाकडे वळू. ‘अ’ची शक्यता ४० टक्के म्हटले आणि ‘इ’ जिंकला, तर अंदाज चुकला का? एका शर्यतीवरून ते ठरत नाही. ज्या ज्या घोड्यांना आपण ४० टक्के दिले, ते सगळे एका रकान्यात लिहावे आणि त्यांतील किती जिंकले ते मोजावे. शंभरात चाळीसच्या आसपास जिंकले असतील तर ‘४० टक्के’ या शब्दाला अर्थ आहे. घटना एकदाच घडते, पण अंदाज करणारा पुन्हा पुन्हा अंदाज करतो. परीक्षा त्याची असते.

अमेरिकी हवामानतज्ज्ञ ग्लेन ब्रायर यांनी १९५० मध्ये अशा परीक्षेसाठी गुण देण्याची रीत सुचवली. तिचे सोपे रूप असे. घटना घडली तर १, नाही तर ०. त्यातून आपला अंदाज वजा करून वर्ग करायचा. सरासरी जितकी लहान तितका अंदाज चांगला. दहा शर्यतींत ‘अ’सारखे घोडे चार वेळा जिंकले असे समजा. दरवेळी ०.४ म्हणणाऱ्याची सरासरी ०.२४ येते. ‘पाच घोडे, म्हणून ०.२’ म्हणणाऱ्याची ०.२८ येते. आणि छातीठोकपणे ‘हाच जिंकणार’ म्हणणाऱ्याची ०.६० येते. काहीच न पाहता सरसकट १/५ सांगणाराही अतिविश्वासू जाणकारापेक्षा बरा ठरला!

हीच रीत पावसाळ्यात वापरता येईल. रोज सकाळी प्रत्येक विद्यार्थ्याने ‘आज शाळेच्या आवारात पाऊस पडण्याची शक्यता’ वहीत आकड्याने लिहावी आणि महिनाअखेर गुण काढावेत. ऋतुपर्णाचा आकडा नळाने झाडाखाली उतरून मोजून पाहिला होता. अंदाज सांगणारे पुष्कळ भेटतात, नोंद ठेवून तो मोजून पाहण्याची सवय मात्र शाळेतच लागू शकते.