एटीव्ही ‘वाढत्या अंगाची’ नको

चार जाड टायरची, मोटारसायकलसारख्या हँडलची छोटी एटीव्ही अमेरिकेत सहा वर्षांच्या मुलांसाठीही मिळते. तिथली बालरोगतज्ज्ञांची संघटना मात्र 16 वर्षांखालील मुलांना ती देऊच नका, असे सांगते. वळणावर अंगाचा भार योग्य बाजूला टाकावा लागतो. लहानग्यांना ते साधत नाही. गाडी उलटली, तर तिचे वजन डोक्या-छातीवर येते.

तरीही घ्यायचीच असेल, तर कपड्यांसारखी ‘वाढत्या अंगाची’ घेऊ नये. वयानुसारच घ्यावी, वेग मर्यादित करणारा स्क्रू आणि मूल पडताच इंजिन बंद करणारी दोरी असावी. मागे कुणाला बसवू नये. प्रत्येक वेळी ब्रेक, चेन, टायरमधील हवा तपासावी. थ्रॉटल सोडताच मागे यायला हवा. हेल्मेट हवेच, पण ते छाती वाचवत नाही.